डोळ्यांवर पट्टी

टोलेडोहून शशीने कॅसेट धाडली,
काळीपांढरी, कडेला मुंग्याच मुंग्या.
टेबलामागे चौघं नामांकित,
डोळ्यांवर पट्ट्या, एकीच्या पट्टीला तर मोती टाचलेले.
समोर कोण बसलंय ते ओळखायचं.
पाहुण्याने फक्त हो म्हणायचं, किंवा नाही.

इंग्रजी आमच्या वाट्याला चिमूटभर.
तरी हणमंतकाका आधी हसायचा,
मागून अमेरिका.

मग दांडिया बाजारात आमचा खेळ:
काकाला काकूचा हातरुमाल,
आम्ही नाकात बोलणारे पाहुणे.
"खायचं काही विकता?" हो.
"उधारीवर?" नाही.
"पण स्वतः फुकट खाता?"
हो, म्हणून चुकलोच.
"मग तुम्ही माझे मेहुणे!"
मामा शेवेची बशी घेऊन उठलेच.

कॅसेटला बुरशी लागली.
काकाला काचबिंदू.

परवा गेले, काही न बोलता
खाटेच्या कडेला बसले.
"बाई?"
त्याच्या तळव्यावर एकदा टिचकी. हो.
"स्टेशनवरून रिक्षाने? फार घेतले?"
हो, हो.
"मी ओळखतो तुम्हाला?"

ह्या प्रश्नाला किती टिचक्या द्यायच्या
मला सुचेना.
"थांब, सांगू नको. चहा होईतो खेळू,"
म्हणाला, आणि हसला
आधी.