गोतास काळ

कागदावर तिचा नंबर एकशे चौदा.
मी तिला मोरेना म्हणायचो, म्हणजे सावळी.
गळ्यात रेडिओचा पट्टा,
आणि सतत माजावर राहावी म्हणून
कातडीखाली टोचलेलं औषध.

शेळीला एकटं राहवत नाही,
एवढ्या एका गोष्टीवर
अख्खी मोहीम उभी होती.

अल्सेदोच्या उतारावर तिला सोडायचं.
दोन दिवसांत ती कळप हुडकून काढायची.
मग हेलिकॉप्टर.
मग ती एकटीच उभी, कान हलवत,
आणि आम्ही तिला पुढच्या घळीत नेऊन सोडायचो.
कुऱ्हाडीचा दांडा निदान लाकडाचा असतो,
रात्रभर ओरडत नाही.

रोसेंदो, माझा मेहुणा, जेवता जेवता विचारायचा,
"शेळ्या काय पोहत आल्या होत्या?
गलबतवाल्यांनी सोडल्या, परतताना मटण हवं म्हणून.
कासवं त्यांनीच नेली, तळाला उलटी रचून.
केलं कुणी आणि भरतंय कोण?"
माशाचा काटा दातातून काढून ताटाच्या कडेला ठेवायचा.
"माझा आजा त्रेचाळीस साली आला, कुदळ घेऊन.
आपल्याला पट्टा कधी बांधणार ते विचार तुझ्या साहेबांना."

मी गप्प.
मी वर जाऊन आलो होतो.
तिथे धुकं झाडांच्या शेवाळात अडायचं,
थेंब थेंब गळून खाली डबकी व्हायची,
डबक्यात कासवं बसायची, चिखल होऊन.
झाडं शेळ्यांनी खाल्ली.
आता धुकं येतं, थांबवणारं कुणी नाही,
तसंच निघून जातं.
कोरड्या खळग्यात एक म्हातारं कासव बसलेलं पाहिलं,
जिथं पाणी असायचं बरोबर तिथंच.
हे रोसेंदोला कसं सांगायचं?
सांगितलं तरी त्याचा प्रश्न तसाच राहतो.

शेवटच्या महिन्यांत मोरेना नुसती चालायची.
नकाशावर तिचा ठिपका कडेपर्यंत जायचा, परत यायचा.
मग एकदा तीन दिवस हललाच नाही.
साहेब म्हणाले, कळप सापडला. रायफली भरा.
मी आधी पायी गेलो.

कासवाच्या पाठीला पाठ लावून
ती बसली होती, रवंथ करत.
कासवाला काही फरक पडल्यासारखा दिसला नाही.

अहवालात रकाना असतो: सोबत किती आढळल्या.
मी पेन खिशात ठेवलं,
पट्ट्याची बॅटरी बदलायला वाकलो.
तिने मान पुढे केली, सवयीनं.