एक कमी

पहिल्या सत्रात मी त्यांना हसायला शिकवते.
दातांत पेन्सिल धरायची, मग काढायची,
आणि ओठ तिथंच ठेवायचे,
पेन्सिल अजून आहे असं समजून.
बातुमीतल्या हॉटेल कॉलेजात तेवीस आरसे,
समोर तेवीस पोरं,
जी घरी विनाकारण कुणाकडे बघून हसत नाहीत;
पाहुणा आला तर आधी पाव पुढं ठेवतात,
नाव मागाहून विचारतात.

दुसऱ्या सत्रात वाक्यं.
मी चिडलेली पाहुणी होते, सूपमध्ये केस काढते.
मारेख गोड आवाजात साखर पेरते.
बाद्री म्हणतो, केस तुमचाच दिसतोय, बाई.
मऊ लागलं की लोक कोपरानं खणतात,
हे अभ्यासक्रमात नाही;
ते ज्याचं त्यानं शिकायचं, ज्याच्या त्याच्या कोपरावर.

गोचा खुलोचा, वरच्या डोंगरातला.
'म' वर अडकतो.
आणि आमच्या भाषेत माफीची सुरुवातच 'म' नं होते.
मापा... मापाति...
तोवर सूप निवतं, वर्ग हसतो,
आणि मी घड्याळाकडे बघते.

जानेवारीत प्रात्यक्षिक. ताडाच्या झाडांवर बर्फ,
हॉटेलात सात खोल्या भरलेल्या.
गोचाला रात्रपाळी.
तीनशे आठमधून फोन: तेलावीच्या त्सिआला आजी.
"समुद्र बंद करा."

आमच्या किनाऱ्याला वाळू नाही, गोटे आहेत.
लाट परतताना सगळा उतार ओढून नेते,
कुणी रात्रभर अक्रोडांचं पोतं उपसत बसावं तसं.
गोचानं म्हणे माफी मागायचा प्रयत्न केला. जमलं नाही.
फोन ठेवला, कोट घातला, बाहेर गेला.
वीस मिनिटांनी तिच्या दारात,
ट्रेवर घडी घातलेला रुमाल,
रुमालावर एक ओला गोटा.
"ए-एक कमी केलाय."

आजी काय म्हणाली कुणाला माहीत नाही.
दुसऱ्या रात्री फोन आला नाही,
तरी तो ट्रे घेऊन वर गेला.
पाच रात्री, पाच गोटे.
जाताना तिनं ते पर्समध्ये घातले,
वजन कुणाला उचलू दिलं नाही.

माझ्यापुढं गुणपत्रक आहे.
स्मित: नाही. नजर: जमिनीकडे.
उच्चार: दहापैकी दोन.
ठरलेलं वाक्य वापरलं का: नाही.
काऊंटर सोडून गेला: होय, पाच वेळा.
एकूण एकेचाळीस. उत्तीर्ण पन्नासला.

काल तीनशे आठमध्ये जाऊन आले.
खिडकीच्या कट्ट्यावर मिठाची पाच वर्तुळं,
सफाईच्या यादीत 'डाग' म्हणून नोंदलेली.
बाई फडकं घेऊन आली तेव्हा
मी म्हटलं, राहू दे जरा.
'म' वर न अडकता म्हटलं,
आणि पुढं काय बोलायचं ते आठवेना.