खुलासा

मा. सहायक आयुक्त, क्षेत्रीय कार्यालय, पुणे यांस,

आपली नोटीस मिळाली.
तिसऱ्या दिवशी मिळाली, हे मुद्दाम लिहितो,
कारण पाण्याची सूचना आम्हाला
पाणी घरात आल्यावर मिळाली होती.

आपण विचारता, सार्वजनिक भिंतीवर
निळा रंग का लावला.

मी हौसेराव गेनू मरळ.
पानशेत फुटलं त्या साली जन्मलो,
पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं खलाशी होतो.
हसू नका, पदाचं नावच ते.
होडी नाही, वल्हं नाही, पोहताही येत नाही.
चौदा फुटी पट्टी धरून उभं राहायचं,
साहेब दुर्बिणीतून ओरडायचे:
डावीकडे, अजून डावीकडे, आता हलू नकोस.
हललो नाही.

पंचवीस वर्षांत एकदा पाणी जिथवर येतं
तिथं निळी खूण. शंभरात एकदा, तिथं लाल.
निळ्याचा डबा माझ्याकडे असे.
विठ्ठलवाडीच्या खाली बाभळीत शिरून दगड रंगवले,
नखातला रंग दिवाळीपर्यंत जात नसे.

पुढे कुणीतरी रेषा सरकवली.
दगड नाही सरकवले, एवढी मेहनत कोण घेतो!
नकाशावर सरकवली.
दगड भरावाखाली गेले,
भरावावर तरंग सोसायटी उभी राहिली,
पार्किंगला टेकून गौराक्काची इस्त्रीची टपरी.
मीही तिथंच, दुसऱ्या मजल्यावर, लेकीकडे.
ठाऊक असून राहिलो. भाव कमी होता.
हेही नोंदवून घ्यावं.

त्या रात्री धरणातून पाणी सोडलं.
किती क्युसेक, ते मोबाईलवर आलं
पहाटे पाच वीसला.
तेव्हा गौराक्का कमरेएवढ्या पाण्यात
लोकांच्या कपड्यांचं गाठोडं डोक्यावर धरून उभी.
वर बघून म्हणाली,
काका, तुम्ही पाण्याच्याच खात्यातले ना,
अजून किती चढंल?

छत्तीस वर्षांत मला कुणी शिकवलं नव्हतं
क्युसेकचे गुडघे कसे करायचे.

होडी साडेनऊला आली.
जवान पोरं होती, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.
एकानं आदल्या दुपारपासून खाल्लं नव्हतं,
लेकीनं त्याला बिस्किटं दिली.

मग पंचनामा.
तलाठी भाऊसाहेब भले, चपला हातात घेऊन आले.
भांडी किती, धान्य किती, अंथरूण किती.
गौराक्का म्हणाली, माझं काय जायचंय,
लोकांचे एकशे बारा कपडे खराब झालेत.
त्याला रकाना नव्हता.
भाऊसाहेबांनी पेन झटकलं,
जणू शाईच संपली होती.

त्यात तीन पांढरे शर्ट आपल्या कार्यालयातले.
कॉलरच्या आत तिनं लाल दोऱ्यानं
दोन टाक्यांची खूण घातलेली.
ती मात्र जागेवरून हललेली नाही.

तर रंग.
पाणी उतरलं, भिंतीवर चिखलाची रेघ राहिली.
सकाळी आपले टँकर येऊन धुणार होते,
त्या बाबतीत आपण चोख आहात.
म्हणून रात्रीच नातवाला
कपडे वाळत घालायची काठी धरून उभं केलं,
म्हटलं हलू नकोस,
आणि रेघेवरून ब्रश फिरवला.
डबा दोनशे चाळीस रुपयांचा, पावती जोडली आहे.

विद्रुपीकरणाचा जो दंड असेल तो भरतो.
पुसायचं असेल तर पुसा.
फक्त ज्याला पुसायला पाठवाल
त्याला आधी भिंतीला पाठ लावून उभा करा,
रेघ त्याच्या कुठं येते बघा.
माझ्या नातवाच्या डोक्यावरून
चार बोटं वर जाते.
तो आता चौथीत आहे.

आपला,
हौ. गे. मरळ
खलाशी (निवृत्त)

ता. क. तिन्ही शर्ट धुऊन गच्चीवर वाळत घातलेत.
पांढरे राहिले नाहीत.
इस्त्रीचे पैसे गौराक्का घेणार नाही म्हणते,
तरी येऊन घेऊन जावेत.