दारावरचं माणूस

खोकं केबल-कारने वर आलं.
पोस्टातल्या पोरीने आधी सही घेतली,
मग विचारलं, "एवढं जड काय मागवलंत, लामारा मावशी?"
म्हटलं, "मीच आहे त्यात. दहा वेळा."

खाणीची शिफ्ट सुटेपर्यंत
अर्ध्या चियातुरात बातमी,
की आपल्या गणिताच्या बाईंची कादंबरी इंग्रजीत आली.
लोक जिना चढून येतच राहिले.
कुणी वाइनचा कॅन, कुणी फडक्यात गुंडाळलेली चीजची रोटी,
धाकट्या जावेने तर अक्रोडाचं वाटण भरून
पाच किलो वांगी आणली.
टेबल पुरेना. मग पोरांनी घराचं पुढचं दारच
बिजागरीतून उचललं
आणि दोन पिंपांवर आडवं टाकलं.

मला वाचता येत नाही ते पुस्तक.
माझं नाव ओळखलं, आणि पानांचे आकडे.
आमच्या अक्षरांत थोरलं-धाकटं नाही,
इथे मात्र प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी
एकेक मुकादम उभा.

ब्रिजेट लीड्सला राहते. सात वर्षं खपली माझ्या पुस्तकावर.
तीनशे अकरा प्रश्न पाठवले तिने.
जोंजोलीचं लोणचं कशाचं,
बोगद्यातली ती शिवी नक्की किती घाण,
आणि दोनशे चौऱ्याऐंशीवा, एका ओळीचा:
तिसऱ्या प्रकरणात रात्री दार वाजवणारं माणूस
बाई आहे की बाप्या?

आमच्याकडे 'तो' आणि 'ती' एकाच शब्दात राहतात,
एका खोलीतले भाडेकरू.
मी दोनशे पानं त्या शब्दाआड
अंग चोरून बसले होते.
उत्तर धाडलं: तूच ठरव.
तेव्हा सुनेचे दिवस भरत आले होते, घाई होती
असं म्हणायला हरकत नाही.

अंझोर उठला. मेजवानीची सूत्रं त्याच्याकडे.
एक पेला शांततेला, एक आईबापांना,
एक उभ्याने, कधी न पाहिलेल्या ब्रिजेटला.
मग म्हणाला, "जुंबेर, वाच रे."

जुंबेर वीस वर्षं मालवाहू जहाजावर होता.
त्याचं इंग्रजी धक्क्यावरचं, खारं.
एक वाक्य तिकडचं वाचायचा, एक आमचं करून सांगायचा.
तिसऱ्या प्रकरणात अडखळला.
"लामारा, ही बाई आहे?
मी तर आजवर पुरुष धरून चाललो होतो."

आणि टेबलावर एकच गलका.
अंझोरला तो आपला भाऊ वाटला होता, युद्धावरून न आलेला.
जावेला कुणी म्हातारा.
पोस्टातली पोर म्हणाली, मला तर लहान मूल वाटलं.
सगळे माझ्याकडे बघायला लागले.

बाई होती.
करडा कोट, दोन पायांत दोन वेगळे बूट.
मी एकोणतीस वर्षांची, पडद्याआड उभी.
वडिलांनी मेणबत्तीवर हात धरला,
वीज त्या हिवाळ्यात नव्हतीच.
तिने तीनदा वाजवलं. तिसऱ्यांदा अगदी हळू,
जणू आत कुणी झोपलं असेल तर उठू नये.
सकाळी पायरीवरच्या बर्फात
एक टाच, एक सपाट,
एक टाच, एक सपाट,
आल्याचे, आणि गेल्याचे.

हे मी कुणाला सांगितलं नाही.
ब्रिजेटला तर नाहीच.
तिला कसं कळलं, विचारायला हवं.

"ब्रिजेटने लिहिलंय ना," म्हटलं, "मग बाईच."
जुंबेर पुढे वाचू लागला.

शेवटचा पेला जे इथे नाहीत त्यांना.
मी एक वांगं वेगळ्या बशीत काढलं, झाकून ठेवलं.
पेल्यांखाली दार वाइनने डागाळलं होतं,
कडीच्या खाचेत ब्रेडचा चुरा.
मोकळ्या चौकटीतून गार वारा येत होता.

पोरं विचारत होती, "दार बसवून देऊ का, मावशी? जाता जाता?"

म्हटलं, राहू दे रे. उद्या बघू.