बटाट्याचं पाणी

रविवारी रात्री चुलीत शेवटचं लाकूड सरकवून
मी दिनदर्शिकेचं जुनं पान उलटं करते
आणि आठवडा आखते.
पेन्सिलनं. कारण बोट चुकते,
बंदर बंद पडतं,
रेमिहियोच्या रक्ताचा आकडा घेऊन
कास्त्रोहून कुणी भलत्या वेळी फोन करतं.

त्याची मूत्रपिंडं थकली. मंगळ, गुरु, शनि
पहाटेची फेरीबोट, मग चार तास यंत्राशेजारी.
परततो तेव्हा चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा.

तिथल्या आहारतज्ज्ञ पोरीनं कागद दिला:
केळी नकोत, संत्री नकोत, ॲव्होकाडो नको.
मला हसूच आलं. आमच्या बेटावर केळं येतं
दूरच्या नातेवाइकासारखं,
कधीमधी, आणि काळवंडून.
मग कागद उलटला.
मागे एकटाच शब्द होता: बटाटा.

सतरा वाण राखले त्यानं.
एक जांभळा, कापला की आत शाई सांडलेली,
एक म्हाताऱ्या बोटासारखा,
एक इतक्या डोळ्यांचा की सोलणारी शिव्या देते.
नवरा नव्हे, बियाण्यांचा कारकून केला मी,
असं मी चारचौघांत म्हणायची.

आता मी ते पातळ चिरते,
कोमट पाण्यात बुडवते, पाणी फेकते,
पुन्हा भरपूर पाण्यात उकळते, तेही फेकते.
उरतो तो बटाट्याचा आकार.
तो जेवतो, कुरकुरत नाही.
एकदाच म्हणाला,
"एदुविहिस, हा कुठल्या वाफ्यातला, ओळखू येईना."

यास्नाला गहू चालत नाही, कणभरही नाही.
तिचा तवा वेगळा, तिच्या उलथन्याला लाल दोरा.
नऊ वर्षांची नात, वर्गातल्या वाढदिवसाला
खिशात मिल्काओ घेऊन जाते,
किसलेल्या बटाट्याचा, मी चरबी घालून थापलेला,
आणि केक कसा होता ते घरी येऊन सांगते,
रंगावरून.

दीर लादिस्लाओ साखरेचा रोगी,
सामनच्या कारखान्यात रात्रपाळीला.
त्याला बजावलं, अर्धं ताट भाजी, पाव ताट मासा,
उरलेल्या पावात काय ती हौस.
त्यानं बाजारातून परातीएवढं ताट आणलं.

म्हणजे एकाचं विष ते दुसरीचं पोट,
आणि तिसऱ्याला मोजून दोन फोडी.
शेजारची चिगुआय म्हणते, वेगळ्या चुली मांड एकदाच्या.
चूल एकच आहे, बाई. पातेली चार.
खरं तर तीन.
मी पातेल्यांच्या कडा खाते, उभ्यानं.

ऑगस्टात वादळ आलं. दोन दिवस बोट नाही.
रेमिहियो खिडकीशी बसून
बर्फाचा एकेक खडा जिभेवर धरायचा,
दिवसाचं पाणी त्यानं तसं लांबवलं.
मी भात टाकला, बिनमिठाचा, वर सफरचंद शिजवून.
त्या दोन दिवसांत बटाट्याचं नाव
घरात कुणी काढलं नाही.
यास्नानं मिल्काओ मागितला नाही.
मी तिला सांगितलं नव्हतं.

ऑक्टोबरात मागच्या दाराशी,
जिथं मी वर्षभर ती निववलेली पाण्याची भांडी
न बघता उपडी करत आले,
सालींच्या ढिगातून एक रोप वर आलं.
गुडघ्याएवढं. हिरवं इतकं की उद्धट वाटावं.

मी उपटायला वाकले, तर तो काठी टेकत आला.
उकिडवा बसला. खूप दिवसांनी.
पान उलटं करून शिर पाहिली, वास घेतला,
आणि आईच्या गावचं जुनं नाव घेतलं त्या वाणाचं,
जे मी सुद्धा विसरले होते.

"पाणी इथंच टाकत जा," म्हणाला,
"ह्याला चालतं."