काटा नसलेली खोली

थंडर बेच्या गोदीत मी मालगाडीच्या वाघिणी तोलते.
एकोणीस वर्षं झाली. प्रेअरीतून गहू येतो,
वाघीण काट्यावर येऊन उभी राहते, भरलेली,
मग रिकामी होऊन पुन्हा.
नाव वाघीण, पण गरीब उभी राहते.
दोन्ही आकड्यांची वजाबाकी म्हणजे गहू.
हे गणित मला झोपेतही येतं,
आणि झोपेतच कधीतरी मी ते स्वतःवर करू लागले,
आईच्या आजारपणाचं वर्ष होतं ते बहुतेक.

मार्युत लेह्तोनेनच्या खोलीत काटा नव्हता.
आत शिरताच मी तोच शोधला,
दाराआड, टेबलाखाली, पडद्यामागे.
बूट बाहेरच काढले होते,
कोटाचे खिसे रिकामे केले होते, किल्ल्या, सुटे पैसे,
सकाळपासून पाणीही नव्हतं घेतलं.
ती म्हणाली, बूट घाला लोर्ना, फरशी गार आहे.

मी म्हटलं, तक्ता द्या.
काय चालेल, काय वर्ज्य, रविवारी किती.
पथ्य सांगा, मी पाळीन,
माझ्याइतकं पथ्य पाळणारं
या अख्ख्या सरोवराकाठी कुणी नसेल.
ती म्हणाली, ते दिसतंय.
आणि तक्ता दिला नाही.

महिनाभर मी वहिनीकडे कुरकुरले,
आहारतज्ज्ञ म्हणे, आणि विचारते काय,
तर कालचं सूप गरम होतं का!
वहिनी म्हणाली, होतं का?
मला आठवेना.

भुकेची वाट पाहू नका, मार्युत म्हणाली होती,
ती तुमच्यावर रुसून बसलीय,
फार वर्षं दारात उभी केलीत तिला.
तोवर घड्याळाच्या काट्यावर जेवा.
तेवढा एक काटा चालेल.
सात, दहा, साडेबारा, तीन.
मी जेवायचे, पाळीवर हजेरी लावावी तशी.

भूक आली ती फेब्रुवारीत, रात्री तीनला,
दार न वाजवता.
मी फ्रीजच्या उजेडात उभी राहून
थंडगार पिएरोगी हातांनी खाल्ल्या,
पातेलं संपेपर्यंत,
आणि मग ओट्याखाली बसून राहिले,
बाहेर सरोवराचा बर्फ तडकत होता.
हे सांगितलं तेव्हा मला वाटलं,
आता तरी ती तक्ता काढेल.
तिनं काही काढलं नाही. बराच वेळ
तीही काही बोलली नाही.
मग म्हणाली, पुढच्या वेळी बसून खा,
खुर्ची आहे ना घरात?

जुन्या पँटी मी पिशवीत भरल्या, चर्चच्या सेलसाठी.
दोनदा गाडीतून परत आणल्या.
अजून जिन्याखाली आहेत.

एका शुक्रवारी तिनं कागदात दोन पर्शियन आणले,
गुलाबी आयसिंगचे ते पाव, आमच्या गावचे.
बाबा पगाराच्या दिवशी आणायचे.
तिचा संपला बोलता बोलता,
घरातली भट्टी बिघडलीय, माणूस येत नाही,
ओठाला गुलाबी लागलेलं तिला कळलंही नाही.
माझा चाळीस मिनिटं चालला.
दालचिनी लागली, मग नुसती भीती लागली,
मग पुन्हा दालचिनी.
पाव तुकडा उरला. तिनं पाहिलं नाही,
किंवा पाहिलं असेल.

रिकाम्या वाघिणीचं वजन
तिच्या अंगावरच रंगवलेलं असतं, पांढऱ्या अक्षरांत,
कुणीही येता जाता वाचावं.
सोमवारी मी एकशे बारा वाघिणी तोलल्या.
साडेबाराला ड्वेननं विचारलं, जेवलीस?
एकोणीस वर्षं मी म्हणत आले, हो, मघाशीच.

नाही, म्हटलं.
बाकावर सरकून त्यानं जागा केली.
माझ्या डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं,
गव्हाची धूळ कडेला साचलेली.
त्यानं उघडून दिलं.