खोका कुठला

डेझमंड मिस्किटाची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली.
चरई, दुसरा मजला, खाली पिठाची गिरणी.
गिरणीचा पट्टा दर सातव्या फेरीला फट् करायचा;
आमच्या ड्रमरला सात मात्रा त्या पट्ट्यानेच शिकवल्या,
एकोणीसशे त्र्याण्णवात,
मी कीबोर्ड वाजवायचे
आणि घरी सांगायचे, स्टॅटिस्टिक्सची शिकवणी आहे.

आता सहाशे बारा कॅसेट, तितक्याच वर्षांचं वाटावं इतकं पीठ,
आणि पॅकर्सचे दोन खोके.
एकावर त्याने मार्करने लिहिलंय : प्रोग्रेसिव्ह.
दुसऱ्यावर : बाकीचं.

दुपारपर्यंत सुरळीत चाललं.
वीस मिनिटांचं गाणं, कव्हरवर डोंगर नाहीतर डोळा : डावीकडे.
प्रेम, विरह, पुन्हा प्रेम : उजवीकडे.
मग ही निघाली. बिनकव्हरची, कॉपीची कॉपी,
कुणाच्या तरी मस्कतच्या मामाने आणलेली.
दोघं गातात. नावं आम्हाला कधीच कळली नाहीत.
गाणं साडेतीन मिनिटांचं.
बायको सोडून गेल्यावर
नवऱ्याला फ्रीजमध्ये सापडलेलं अर्धं लिंबू, एवढाच विषय.
पॉपच की.
पण दुसऱ्या कडव्यात ते षड्जच हलवतात,
रात्रीतून कुणी घरातला पलंग सरकवावा तसा.
आधी नडगीला कळतं, मग आपल्याला.
आणि ध्रुवपदावर परतताना
अर्धी मात्रा गुपचूप खिशात घालतात.

मी म्हटलं, डावीकडे.
वेडी आहेस का, डेझमंड म्हणाला, साडेतीन मिनिटं!
लांबी पाहिजे. प्रवास पाहिजे.
तुझा लिंबूवाला गेला कुठे? फ्रीजपर्यंत.

लांबीच मोजायची तर, मी म्हटलं,
आमच्या कोपरखैरण्याच्या गावठाणातली
बायजाबाय धवलारीण ठेव या खोक्यात, सगळ्यात वर.
हळदीला बसते ती उजाडेपर्यंत,
श्वास संपेल तिथे सम,
मधेच नवरीचं नाव विसरली तर आजीचं घालते,
कव्हर नाही, डोंगर नाही, लुगड्याला नुसती हळद.

ते वेगळं, तो म्हणाला.
वेगळं म्हणजे कुठल्या खोक्यात?

तो चहा ठेवायला गेला.
चहाची भांडी आधीच पॅक झालेली.

पॅकर्सचा पोरगा, दिघ्याचा हर्षू भोईर,
वर्तमानपत्रात ग्लास गुंडाळत बसला होता.
आमच्या भांडणात गाणं चारदा वाजलं, त्याने चारदा ऐकलं.
मग गादी डोक्यावर घेऊन, गुणगुणत, जिना उतरला.
शब्द नव्हतेच, नुसतं ना ना ना.
आणि वळणावर,
बरोबर तिथेच,
अर्धी मात्रा गाळली.
पाऊल कुठे अडलं नाही.

मी डेझमंडकडे पाहिलं. झालं की नाही?
तेच म्हणतोय, तो म्हणाला, त्याला कळलंच नाही ना.
अवघड आहे हे कळायला नको?
चढ चढतोय हे पायाला कळायला नको?

यावर मला पटकन बोलता आलं नाही.
बावीस वर्षं मी नववीला बीजगणित शिकवते.
अख्खं अवघडपण गिळून एका ओळीत उत्तर देणारी मुलगी
दोन-तीन वर्षांतून एखादी येते.
मी मनात तिला नमस्कार करते,
आणि पायऱ्या लिहिल्या नाहीत म्हणून
दोन मार्क कापते.

साडेपाचला टेम्पो भरला.
दोन्ही खोक्यांना टेप लागली, त्याची नजर माझ्या हातावर.
कॅसेट माझ्या पदराखाली होती.
जाता जाता हर्षूच्या खोक्यात सरकवली,
ज्यावर त्याने वाकड्या अक्षरात लिहिलं होतं :
काच. हळू उचला.

तीन आठवड्यांनी कासारवडवलीहून फोन.
भाड्याची जागा बरी आहे. पाणी सकाळीच येतं. गिरणी नाही, झोप लागत नाही.
ग्लास सगळे शाबूत.
मग थोडा वेळ काहीच बोलला नाही,
मागे काहीतरी वाजत होतं, मी मोजत होते,
आणि तो म्हणाला,
बाकी काय?